टेंभुर्णीच्या पानांचे चेहरे

रतनआक्का गेल्याचा निरोप वाचनालयाच्या फोनवर आला. निपाणीहून आमच्या गल्लीतल्या दुकानदारानं ट्रंककॉल लावला होता. "शशाताई, तुमची आक्का पहाटं गेली. आप्पा म्हणाल्यात, सावकाश या, गडबड करू नका..." एवढं बोलून फोन तुटला. समोर एक पेन्शनर गृहस्थ पुस्तक घेऊन उभे होते. मी त्यांच्या पुस्तकावर शिक्का मारला, तारीख घातली. ते म्हणाले, "शाई वाळली का बघा." मी बघितलं. वाळली नव्हती. टीपकागद लावून पुस्तक त्यांच्या हातात दिलं, ते जिना उतरून गेले, आणि मग कुठं मला कळलं की आपली बहीण गेली.

त्याला आता दीड महिना झाला. त्याआधी पंधरा दिवस मी तिला भेटून आले होते. छातीचं दुखणं जुनं होतं, बोलताना धाप लागे. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप होतं आणि सुपात विड्यांऐवजी रंगीत कागदांचे फाडलेले तुकडे. भोवती गल्लीतल्या चार पोरी. निळ्या कागदावरून त्यांचं भांडण जुंपलं होतं. आक्कानं हात वर केला. "निळा मंगलला दे. तिची नदी अजून अर्धीच झालीया. तू डोंगर करालीस, तुला निळा कशाला?" डोंगरवाली म्हणाली, "लांबचा डोंगर निळाच दिसतोय की आक्का." आक्कानं कागदाकडं बघितलं. "व्हय गं, खरं हाय. फाड, अर्धा अर्धा." ...मला तिचं शेवटचं आठवतं ते हे.

निपाणीत आमचं घर दोन खोल्यांचं. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल. आई मी चार वर्षांची असताना गेली. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिची शाळा चौथीतच सुटली होती, आता ती आईच्या जागी विड्या वळायला बसली. टेंभुर्णीची पानं भिजवायची, पत्र्याचा तुकडा वर ठेवून त्या मापानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. दुपारी गल्लीतल्या सात-आठ बाया आमच्याच अंगणात सुपं घेऊन येत. हात चालू राहत आणि तोंडंही. मी सातवी-आठवीत गेल्यावर शाळेच्या ग्रंथालयातून पुराणकथांची पुस्तकं आणून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मला वाटे, मी वाचते आणि त्या ऐकतात. पण तसं नव्हतं. त्या उलटतपासणी घेत.

समुद्रमंथन वाचलं त्या दिवशीचं आठवतं. देव एका बाजूला, राक्षस एका बाजूला, मध्ये मंदार पर्वताची रवी आणि वासुकी नागाचा दोर. मी अगदी रंगून वाचत होते. शेवंतामावशी म्हणून आमच्या शेजारी होत्या, त्यांनी मध्येच विचारलं, "किती वरसं घुसळालते म्हणालीस?"

"हजार वर्षं."

"मग भाकरी कोण थापत हुतं?"

मी पुस्तकात बघितलं. त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

"बघ की नीट. एवढी माणसं दोर ओढाल्यात, त्यास्नी भूक लागली नसंल व्हय?"

सगळ्या हसल्या. आक्का हसली नाही. ती हातातल्या पानाकडं बघत राहिली. आता वाटतं, ते चित्र तिच्या मनात त्याच दुपारी सुरू झालं.

पण हातानं सुरू झालं ते भिंतीमुळं. त्या वर्षी आतल्या खोलीच्या भिंतीचे पोपडे पडून माती गळू लागली, म्हणून आक्कानं दुकानातली रद्दी आणून भिंतीवर चिकटवली. कन्नड वर्तमानपत्रं होती, मराठी होती. संध्याकाळी ती भिंतीसमोर उभी राहून म्हणाली, "शशे, हिकडं बघ. कानडी अक्षरं गोल गोल हाईत, लांबनं लाटा दिसत्यात. आपल्या अक्षरास्नी वर रेघ हाय, ती जमीन दिसत्या." मला तोवर ती फक्त रद्दी दिसत होती. दुसऱ्या दिवशी तिनं त्या लाटांत चहापुडीच्या कागदाचा मासा सोडला, पुढं माशाच्या शेपटीला बांधलेली होडी आली, होडीत माणसं आली. प्रलयाची गोष्ट मी तिला आदल्या आठवड्यात वाचून दाखवली होती. मग ती वखारीतल्या जुन्या पोत्यांवर कागदाचे थर देऊन त्यावर चित्रं करू लागली. सगळं हातानं फाडून. मी एकदा कात्री पुढं केली तर म्हणाली, "दिसभर तिचंच तोंड बघतोय मी. परत कशाला?" पुढं वाचनालयात येणाऱ्या एका चित्रकलेच्या मास्तरांनी मला सांगितलं की याला कोलाज म्हणतात. मी आक्काला ते सांगितलं, तेव्हा ती लाजली. "ह्याला नाव हाय व्हय? मला वाटलं, आपलंच कायतरी खूळ."

तिची अडचण निळ्या रंगाची होती. बिस्किटाचे पुडे लाल, चहाचे हिरवे-पिवळे, पण समुद्राला पुरेल एवढा निळा फक्त कॅलेंडरवरच्या देवांच्या अंगावर. जुनं कॅलेंडर देवाचं म्हणून कुणी केरात टाकत नाही, चुलीतही घालत नाही. वर्ष संपलं की वरच्या आळीतल्या बाया ती गुंडाळून आणून आक्काला देऊ लागल्या. त्यांचीही सोय झाली. पण आमचं घर बौद्ध. धम्मदीक्षेनंतर आप्पांनी घरातले देव टोपलीत घालून वेदगंगेत सोडले होते. तेव्हा माझा जन्मही नव्हता, सहा वर्षांची आक्का काठावर उभी होती. त्या आप्पांना एक दिवस तिच्या अंथरुणाखाली वीस-पंचवीस देव सापडले.

आप्पा ओरडले नाहीत. दारात बसले आणि म्हणाले, "हे परत कसं आलं घरात?"

"देव म्हणून न्हाई आणलं आप्पा. रंग म्हणून आणलंय." आणि आपलं म्हणणं खरं करून दाखवायला तिनं एक कॅलेंडर उचललं, फाडायला सुरुवात केली. निळा खांदा फाटला, गळा फाटला. बोटं हनुवटीपर्यंत पोचली तेव्हा आप्पांनी झटक्यात तिचं मनगट धरलं.

"तोंड न्हाई फाडायचं."

"का? आपण मानत न्हाई न्हवं?"

"आपण न्हाई मानत. जिनं दिलंय ती मानत्या. तिनं तुला इस्वासानं दिलंय."

त्या दिवसापासून घरात तो नियम झाला. अंग रंगासाठी घ्यायचं, चेहरा अखंड बाजूला काढायचा. चेहरे एका पत्र्याच्या डब्यात साठत. वर्षातून एकदा आप्पा तो डबा सायकलला बांधून यमगर्णीला जात आणि नदीत सोडून येत. स्वतःचे देव एकदाच सोडलेला हा माणूस, दुसऱ्यांचे देव मात्र दरवर्षी नेत राहिला. घाटावर कुणीतरी विचारलंच, "आप्पा, तुम्ही ह्यातलं न्हवंसा, मग हे काय?" आप्पा म्हणाले, "शेजाऱ्याची वस्तू हाय. पोचती कराय नको?"

आता आक्कापुढं प्रश्न राहिला चेहऱ्यांचा. छापलेले वापरायचे नाहीत, आणि काढता तर तिला येत नव्हते. ती दोन-तीन महिने नुसती लाटा आणि डोंगर करत बसली. मग विडीचं पान कापून उरलेली कातरण तिच्या हाती लागली. टेंभुर्णीचं पान वाळताना किती रंग बदलतं हे विडी वळणारीलाच ठाऊक... हिरवट, तांबूस, मातकट, करपलेला काळा. तिनं ती कातरण फाडून चेहरे बनवले. पानाच्या शिरा कपाळावर आल्या की आठ्या होत, गालावर आल्या की सुरकुत्या. आणि तिला दुसरे चेहरे माहीतच नसल्यामुळं, अंगणात बसणाऱ्या बायाच त्यात उतरल्या. गंगा आकाशातून खाली येताना दिसे ती शेवंतामावशीची हनुवटी घेऊन. मावशींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "नाकात नथ तरी घाल गं, आकाशातनं आलीया बाई."

मी शिकले, पदवी घेतली, बेळगावात एका वाचनालयात नोकरीला लागले. तिथं नवा हॉल बांधला. समोरच्या मोठ्या भिंतीवर काहीतरी लावायचं असं ठरलं, तेव्हा त्या चित्रकलेच्या मास्तरांनी माझ्या बहिणीचं नाव सुचवलं. विषय समुद्रमंथन, एवढं ऐकून कार्यवाह खूश झाले. आक्कानं चार महिने काम केलं. मी निपाणीला गेले की ती पुन्हा पुन्हा एकच विचारी, "बसून वाचणाऱ्या माणसास्नी समोरच दिसंल न्हवं? आपल्या बाया तितं समोर असतील न्हवं?" आयुष्यात तिनं माझ्याकडं एवढं एकच मागितलं. तिच्या अंगणातल्या बायांचे चेहरे अशा ठिकाणी लागावेत, जिथं लोक मान वर करून बघतील.

चित्र गुंडाळून ती एसटीच्या टपावरून घेऊन आली. जमिनीवर उलगडलं तेव्हा हॉल भरून गेला. निळा समुद्र, कन्नड लाटांचा. नागाचा दोर वखारीच्या सुतळीचा. एका बाजूला देव, एका बाजूला राक्षस, सगळे तपकिरी, सगळ्या बायका, पदर खोचून ओढताहेत. आणि खाली कोपऱ्यात, समुद्राच्या काठाला, तीन दगडांची चूल आणि भाकरी थापणारी एक.

कार्यवाह सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चित्राभोवती एक फेरी मारली. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कला चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण देव असे? ह्या तर विडी कामगार बायका वाटतात. देणगीदार येणार आहेत... चेहरे तेवढे बदलून द्या म्हणावं. नाहीतर, काय, परत न्यावं लागेल."

आक्कानं ते ऐकलं होतं. ती वाकून पोतं गुंडाळू लागली. "घिऊन जातो."

"थांब की आक्का. चार दिवस राहू दे. मी बोलते त्यांच्याशी."

मी बोलले नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. रविवारी मी निपाणीला गेले, आक्का विड्या पोचवायला कारखान्यात गेली होती. पत्र्याच्या डब्यात त्या वर्षीचे चेहरे साठले होते. मी ते सगळे माझ्या पिशवीत घातले. बेळगावला येऊन स्टोव्हवर मैद्याची खळ केली, आणि हॉलचं दार लावून त्या पानांच्या चेहऱ्यांवर एकेक छापील चेहरा चिकटवला. गोरे, गुलाबी, हसरे. दोन्ही बाजूंना पुरले. चुलीपाशी भाकरी थापणारी तेवढी मी तशीच ठेवली, तिच्या चेहऱ्यावर काय लावावं ते मला कळेना.

उद्घाटनाला आक्का नवीन लुगडं नेसून आली. तिच्यासोबत गल्लीतल्या दोघी. त्यांनी चित्राकडं बघितलं, एकमेकींकडं बघितलं. आक्का पेढा खाऊन पाणी प्याली. स्टँडवर मी तिच्याबरोबर चालत गेले. मला वाटत होतं ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाडीत चढताना ती फक्त म्हणाली, "तुझी नोकरी ऱ्हायली न्हवं? मग झालं." त्यानंतर दोन वर्षं तिनं एकही चित्र केलं नाही. मी गेले की मांडीवर सूप असे, त्यात फक्त विड्या. निळे कागद तिनं पोरींना वह्यांना पुठ्ठे घालायला देऊन टाकले. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "येळ न्हाई गं." आप्पांनी मला एकदाही विचारलं नाही की त्या वर्षी डबा रिकामा कसा.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मी हॉलमधली कपाटं झाडत होते. सहज वर नजर गेली. इंद्राचा गाल कुरतडल्यासारखा दिसला. स्टूल घेऊन चढले. कसर लागली होती. आम्हा वाचनालयवाल्यांचा हा जुना शत्रू, पुस्तकाच्या पाठीतली खळ खातो आणि खळीबरोबर कागद. म्हणूनच बाइंडर खळीत विषारी मोरचूद घालतात, हे मला माहीत होतं, पण चोरून केलेल्या कामात ते कुठलं सुचायला? मी बोट लावलं. छापील कागदाचा पापुद्रा अलगद खाली आला. आणि त्याच्या मागं... टेंभुर्णीचं पान, जसंच्या तसं. एक भोक नाही.

मी त्याच दुपारच्या गाडीनं निपाणीला गेले. पहिल्यांदा सगळं तोंडानं कबूल केलं. डबा, खळ, दार लावणं. ती ऐकत होती, हात चालू होते. मग मी कसरीचं सांगितलं. तिचे हात थांबले.

"खळीत तंबाकू घातली न्हाईस?"

"तंबाखू?"

"अगं बये! वखारीतली भुकटी घालत्यात की खळीत. किडा फिरकत न्हाई. माझ्या सगळ्या चित्रास्नी हाय." आणि ती हसू लागली. खोकला येईपर्यंत हसली, खोकून झाल्यावर पुन्हा हसली. "एवढी पुस्तकं वाचलीस, खळ कराय येत न्हाई तुला!" दोन वर्षांनी मी तिचं हसणं ऐकत होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिला दिसू नये म्हणून मी तिच्या सुपातली पानं सारखी करत बसले.

ती दुसऱ्याच दिवशी बेळगावला आली. ओल्या फडक्यानं उरलेले पापुद्रे पुसून काढले, तेही टाकले नाहीत, एका काड्यापेटीत भरले. "आप्पाला दे. नदीला जायाचं ऱ्हायलंय ते." आप्पा खरंच गेले, त्या एका काड्यापेटीसाठी सायकल मारत यमगर्णीपर्यंत. कार्यवाहांना मी स्वतः जाऊन सांगितलं, काय केलं ते आणि काय झालं तेही. ते हॉलमध्ये आले, चष्मा पुसून बघितलं. "दोन वर्षं मी रोज ह्याच्याखाली बसतो," ते म्हणाले, "मला चेहरे बदलताना दिसलेच नाहीत. कुणाची तक्रार आली का?" नव्हती आली. "मग कसरीवर मी काय कारवाई करणार? राहू द्या." जाता जाता ते चुलीजवळ थांबले. "ह्या बाई आधीपासूनच होत्या का?" मी म्हटलं, "पहिल्यापासून."

त्यानंतरची चार वर्षं ही आक्काची खरी वर्षं. पाताळातून वर येणारी पृथ्वी झाली, मोहात पाडणाऱ्या माराची सेना चालून आली तरी जमिनीला बोट लावून बसलेला बुद्ध झाला. तो आप्पांसाठी, विहाराच्या भिंतीवर अजून आहे. दुपारी अंगणात बायांच्या मांडीवर विड्या आणि त्यांच्या पोरींच्या मांडीवर रंगीत कागद, असं चित्र दिसू लागलं. त्यातली मंगल आता बेळगावला चित्रकलेच्या वर्गात जाते. दर आठवड्याला मला विचारते, निळा कागद कुठं मिळतो. मी शहरातली दुकानं तिच्यासाठी पालथी घालते.

गेल्या आठवड्यात एक म्हातारी बाई वाचनालयात आल्या. सुनेला दवाखान्यात दाखवायला निपाणीहून आल्या होत्या, सून रांगेत बसली होती. चपला बाहेर काढून, पदर सावरून आत आल्या, आणि वाचणाऱ्यांच्या मधून थेट भिंतीपाशी गेल्या. मी बेळगावला आल्यावर आमच्या अंगणात बसू लागलेल्यांपैकी असाव्यात, मी त्यांना ओळखत नव्हते.

"रतननं मला हितं कुठंतरी लावलंय म्हणत्यात," त्या म्हणाल्या. आवाज मोठा होता. दोघा-तिघांनी वर्तमानपत्रातून माना वर केल्या.

आम्ही दोघी शोधू लागलो. त्यांनीच आधी शोधलं. राक्षसांच्या रांगेत तिसरी, दात पुढं, डावा डोळा बारीक. त्यांनी कमरेवर हात ठेवले. मला वाटलं, राग आला.

"मी राक्षसात व्हय?"

"हो... तिनं काय विचार केला असेल, मला—"

"राक्षसाकडं नागाचं तोंड असतंय न्हवं? फुत्कार त्यांच्याच अंगावर. देवाकडं नुसती शेपूट." त्या हसल्या. पुढचे दात चित्रातल्यासारखेच. "बरोबर जागी लावलंय रांडेनं."

मी स्टूल आणून दिलं. त्या माझ्या खांद्याला धरून वर चढल्या. चित्राशेजारी पाटी आहे, हात लावू नये म्हणून. माझ्याच अक्षरातली. बाईंना वाचता येत नसावं, पण पाट्या काय सांगतात हे त्यांना माहीत असावं, कारण बोट पानापासून तसूभर अंतरावर थांबवून त्यांनी मागं वळून मला विचारलं,

"लावू हात?"

मी म्हटलं, "लावा."